पाठीमागचा वारा

वाऱ्याच्या बाबतीत माणूस फार कृतघ्न आहे. समोरून वारा आला की तो लगेच कळतो. छत्री उलटी होते, सायकल ढकलत न्यावी लागते, डोळ्यांत धूळ जाते आणि घरी पोचल्यावर "काय वारा आहे हो!" असं चार माणसांना सांगता येतं. पण वारा पाठीमागून असला तर? तर घरी पोचल्यावर माणूस घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, "पंधरा मिनिटांत आलो! अजून दम आहे बरं का आपल्यात!" मागच्या वाऱ्याचे आभार मानणारा सायकलवाला मला तरी अद्याप भेटलेला नाही.

आपली भाषासुद्धा ह्या कटात सामील आहे. बेजबाबदार माणूस बायकोमुलांना वाऱ्यावर सोडतो, भांडखोर माणूस वाऱ्याशी भांडतो, उनाड पोरगं वारं प्यालेलं असतं, आणि लबाड माणूस वारा वाहील तशी पाठ फिरवतो. फुकट काम करणाऱ्याची एवढी बदनामी मी आमच्या युनियनच्या सेक्रेटरीखेरीज दुसऱ्या कोणाची ऐकलेली नाही.

हा सगळा विचार माझ्या डोक्यात शिरला तो एका शिडामुळे. मी बँकेत कारकून. माझा आणि शिडाचा संबंध एवढाच की दोघेही दुसऱ्याने दोर ओढल्याशिवाय वर चढत नाही. पण माझ्या भाच्याने तीन मित्रांबरोबर भागीदारीत एक सेकंडहँड होडी घेतली. साधी होडी नव्हे, कॅटमरान. म्हणजे दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, आडव्या दांड्यांनी जोडायच्या आणि मध्ये जाळीदार कापड ताणून त्यावर बसायचं. खाट पाण्यात सोडावी तसा प्रकार. लांबी १६ फूट, वजन दीडशे किलोच्या आत. कॅलिफोर्नियात लाटांवरच्या फळ्या बनवणाऱ्या होबी आल्टर नावाच्या माणसाने १९६०च्या दशकाच्या अखेरीला अशा होड्या काढल्या आणि समुद्रकिनाऱ्यावरून ढकलत पाण्यात न्यायची ही खाट जगभर पसरली.

'कॅटमरान' शब्द मात्र आपल्या शेजारचा. तमिळमधला 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडं. कोरोमंडल किनाऱ्यावर कोळी ओंडके बांधून समुद्रात जात. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज खलाशाने १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो शब्द विलायतेला नेला. पुढे साहेबाने काय केलं, तर पॉलिनेशियातल्या दोन जुळ्या होड्यांच्या नावेला हे तमिळ ओंडक्यांचं नाव देऊन टाकलं. एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा! बँकेत असतं तर मेमो मिळाला असता.

तर ह्या होडीला मुळात दोनच शिडं असतात, एक मोठं आणि पुढे एक लहान. चौघांचं त्यावर भागेना. त्यांना स्पिनेकर हवं होतं. स्पिनेकर म्हणजे पातळ नायलॉनचं, लग्नातल्या शालूसारखं भडक रंगाचं, फुगून पुढे येणारं शीड. वारा मागून असला की ते चढवायचं आणि सुसाट सुटायचं. "मामा, तू बी.कॉम. आहेस, तूच सांग कुठलं घ्यावं," असं म्हणून भाच्याने माहितीपत्रकं माझ्यापुढे टाकली. बी.कॉम.चा हा उपयोग आमच्या प्राध्यापकांनाही ठाऊक नसावा. (माझ्याकडून पंधरा हजार उसने हवे होते, हे नंतर कळलं.)

माहितीपत्रकं वाचताना समजलं की शीड निवडणं हे स्थळ निवडण्याइतकंच नाजूक काम आहे. एक खोलगट, पोट सुटलेलं स्पिनेकर असतं. एक सपाट, चापूनचोपून. मी अर्थातच म्हटलं, खोलगट घ्या, त्यात वारा जास्त मावेल. भाचा हसला. म्हणाला, "मामा, वारा काय तांदूळ आहे पिशवीत भरायला?" मग त्याने मला गणित घातलं. समज वारा मागून १० नॉटने येतोय आणि तू सरळ त्याच दिशेने ६ नॉटने चाललायस. तुझ्या अंगाला वारा किती लागेल? ४ नॉट. आणखी वेग वाढला तर आणखी कमी. म्हणजे सरळ वाऱ्याबरोबर जाणारा माणूस जसजसा पळतो तसतसा वारा त्याच्यापुरता मरत जातो. जाड, संथ बोटी खोलगट शीड लावून तशा जातात बिचाऱ्या. पण कॅटमरान हलकी. ती सरळ जातच नाही. ती तिरकी सुटते, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरकी, अशी नागमोडी जाते. अंतर जास्त पडतं, तरी लवकर पोचते. तिरकं गेलं की वारा बाजूने मिळतो, वेग वाढतो, वेगाने आणखी वारा तयार होतो, आणि हा तयार झालेला वारा पुढून येतो. म्हणून शीड सपाट पाहिजे.

"पुढून? वारा तर मागून आहे ना?"

"चल तू मांडव्याला. दाखवतो."

जानेवारीतल्या एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मी मांडव्याला गेलो. कोणाचं तरी जुनं स्पिनेकर त्यांनी चाचणीसाठी मागून आणलं होतं. ते चढवण्याची तयारी पाहताना मला आमच्या ब्रँचचं ऑडिट आठवलं. पुढच्या आडव्या दांड्यापासून एक ॲल्युमिनियमची नळी पुढे काढलेली, ती दोन्ही होड्यांच्या नाळींना दोरांनी ताणून बांधलेली. शिडाचा एक कोपरा नळीच्या टोकाशी, एक डोलकाठीवरच्या कप्पीतून वर, तिसऱ्याला दोन दोर, डावा आणि उजवा. शिडाच्या पोटावर एक ठिगळ शिवलेलं, त्यातून एक दोर निघालेला. शीड नको झालं की तो दोर ओढायचा, म्हणजे ते एका तोंड वासलेल्या लांबट कापडी पिशवीत गडप होतं. गंमत म्हणजे चढवायचा दोर आणि परत ओढायचा दोर एकच असतो, नुसती टोकं वेगळी. आमच्या खात्यात बढत्या ज्या हाताने होतात त्याच हाताने बदल्याही होतात, त्यातलाच प्रकार.

ह्यात भाच्याने एक ताकीद दिली, ती मात्र मी लक्षात ठेवली. "स्पिनेकर वर असताना घाबरून मोठ्या शिडाचा दोर सोडायचा नाही. ह्या होडीच्या डोलकाठीला मागून धरणारी तार नसते. मागचा ताण हा दोरच देतो. तो सोडलास तर पुढचं शीड डोलकाठी मोडून टाकेल."

आम्ही तिघे जाळीवर बसलो. मी मध्ये, सत्यनारायणाच्या पूजेतल्या सुपारीसारखा. आधी वाऱ्यावर चढत बरंच बाहेर गेलो, मग होडी वळली, भाच्याच्या मित्राने भराभर दोर ओढला, आणि ते रंगीत धूड फडाड् आवाज करून फुगलं. त्याबरोबर होडीने जी उसळी घेतली! खाली पाणी फाटत होतं, कानांत वारा भणभणत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि टोपी, जी खास घेतली होती, ती उडून मागे गेली. मी ओरडलो, "अरे, वारा समोरून यायला लागला!"

"नाही रे मामा, मागूनच आहे!" भाचा दोर सैल करत, शिडाची कड जराशी दुमडते का बघत, पुन्हा ताणत ओरडला. "हा समोरचा आपल्याच वेगाचा! मागचा पडला तर हाही पडेल!"

मी पुढचा अर्धा तास काही बोललो नाही. मंडळींना वाटलं मामा घाबरला. थोडाफार घाबरलो होतोच. पण डोक्यात एक प्रश्न शिरला होता. समोरून येणारा वारा आपल्याला अडवतोय असं ज्याला वाटतं, त्याला मुळात मागून कोणीतरी ढकलतं आहे. आणि जितक्या जोरात ढकलतं आहे, तितका त्याला वाटणारा विरोध जास्त! यशस्वी माणसांची आत्मचरित्रं माझ्या डोळ्यांपुढून सरकू लागली. प्रत्येकाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'वादळाशी झुंज'. आजोबांची वाडी, काकांची ओळख, दारासमोरची शाळा, वेळेवर आलेली तेजी ह्यांना एक ओळ. झुंजीला चाळीस पानं. मला आजवर वाटायचं की ही माणसं खोटं लिहितात. ती खोटं लिहीत नाहीत हो! त्यांच्या तोंडावर खरोखरच वारा लागत असतो. टोपी खरोखरच उडते.

परतताना रो-रोवर चहा घेताना भाचा खुशीत होता. सहज धाकट्या भावाचा विषय निघाला. तो रत्नागिरीला असतो, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी करतो. भाचा म्हणाला, "शेवटी मेहनत असते मामा. मी काय आयतं मिळवलं? धाकट्याने थोडे हातपाय हलवले असते, तर तोही आज इथे असता."

हे वाक्य तो वाईट बुद्धीने बोलला नाही. तो मेहनती आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकापुढे बसलेला मी पाहिला आहे. पण मेव्हण्यांना अर्धांगाचा झटका आला, त्याच वर्षी ह्याला बंगलोरची नोकरी लागली. हा गेला. धाकटा राहिला. वडिलांना उठवायचं, बसवायचं, फिजिओथेरपीला न्यायचं हे त्याने सहा वर्षं केलं, आणि ताई फोनवर थोरल्याला सांगायची, "इकडचं सगळं ठीक आहे, तू कामाकडे बघ." ह्याने कामाकडे बघितलं. फार चांगलं बघितलं. पण त्याच्या डोलकाठीला मागून धरणारा दोर रत्नागिरीत कोणाच्या मुठीत होता, हे त्याला दिसत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "समोरच्या वाऱ्याचं जे तू मला शिकवलंस, ते धाकट्यालाही एकदा समजावून सांग." तो म्हणाला, "त्याला कुठे सेलिंगची आवड आहे?"

मग घरी येऊन मी पुस्तकं चाळली. हा प्रश्न आपल्या आधीही लोकांना पडलेला आहे, हे पाहून बरं वाटलं. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल ह्या दोन तत्त्वज्ञांनी ह्यावर निबंध लिहिले. नेगेलसाहेबांचा लॉरीवाला असा : ब्रेक तपासायचा कंटाळा केला. पोरगं आडवं आलं तर तो जन्मभराचा अपराधी, नाही आलं तर नुसताच आळशी. कंटाळा तोच, शिक्षा निराळी. हे कळायला आम्हांला तत्त्वज्ञ लागत नाही. दोन कॅशियर ड्रॉवर उघडा टाकून चहाला जातात. एकाची कॅश जाते आणि त्याच्यावर चार्जशीट येते. दुसरा त्याच्याकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, "निष्काळजीपणा नडला!"

गीतेच्या अठराव्या अध्यायात तर कोणत्याही कर्माची पाच कारणं मांडलेली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. मी होडीवर बसवून पाहिलं. अधिष्ठान म्हणजे होडी. कर्ता म्हणजे भाचा. करण म्हणजे दोर, कप्प्या, शिडं. चेष्टा म्हणजे ती सगळी ओढाताण. आणि दैव म्हणजे वारा. चपखल बसलं. फक्त एक अडचण. पाच भागीदारांत नफा वाटायचं प्रमाण दिलेलं नाही! इथे मात्र माझं बी.कॉम. कामाला आलं. इंडियन पार्टनरशिप ॲक्ट, १९३२. करारात प्रमाण ठरलेलं नसेल तर नफा समान वाटावा. म्हणजे कर्त्याच्या वाट्याला २० टक्के. वरच्या साहेबांना हा हिशेब सांगायची माझी छाती नाही, पण तो बिनचूक आहे.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं वाऱ्यावरच, मग दोर कशाला ओढायचा? तसं नाही. वारा सगळ्यांनाच सारखा असला तरी होड्या मागेपुढे होतातच. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनियल हेरेशॉफची 'ॲमेरिलिस' नावाची कॅटमरान सगळ्यांना मागे टाकून गेली. तेव्हा हरलेल्यांनी ओरडा केला की दोन सांगाड्यांची होडी ही होडीच नव्हे, आणि तिला बाद करण्यात आलं. त्या दिवशी वारा सगळ्यांचा एकच होता. फरक डोक्याचा होता, आणि नेमका तोच लोकांना सोसला नाही.

पण डोकं चालवूनही वारा शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवतो. २० फुटी 'टॉर्नेडो' कॅटमरान १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होती. सिडनीच्या २००० सालच्या स्पर्धेनंतर तिला स्पिनेकर मिळालं. २००८च्या शर्यती चीनमध्ये चिंगदाओला होत्या. तिथला वारा मंद, असं सगळे जाणून होते. अमेरिकेची जोडी २००४ला रौप्यपदक मिळवलेली, म्हणजे काल शिकलेली पोरं नव्हेत. त्यांनी अभ्यास करून खास मंद वाऱ्यासाठी फार सपाट शीड बनवून घेतलं, जे हलक्या वाऱ्यात वाऱ्यावर चढतानाही चालावं. इतर बहुतेकांनी नेहमीचं नेलं. वारा काही त्यांच्या हिशेबाइतका मंद राहिला नाही. सुवर्णपदक स्पेनला गेलं आणि अमेरिकेची जोडी पदकाच्या जवळपासही नव्हती. तेच वारं चार दिवस झोपलं असतं तर त्या शिडावर पाठ्यपुस्तकांत धडा आला असता : 'दूरदृष्टी'. आता आला तर 'अतिशहाणपणा' ह्या नावाने येईल. शीड तेच. कापड तेच. शिलाईसुद्धा तीच.

असो. दुसऱ्याच्या शिडाकडे बोट दाखवणं सोपं आहे. माझं स्वतःचं काय?

आमच्या चाळीत माझ्याबरोबर बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारा एक मित्र होता. गणितात माझ्यापेक्षा चांगला. व्याजाची निम्मी उदाहरणं मी त्याच्याकडून शिकलो. लेखी परीक्षेत दोघंही पास झालो. मुलाखती एकाच दिवशी, आडनावाच्या क्रमाने. माझं आडनाव 'अ'वरून, त्याचं 'स'वरून. मला सकाळी साडेदहाची वेळ, त्याला दुपारी चारची. तारीख होती २६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत काय झालं हे सांगायला नको. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझी मुलाखत पाऊस वाढण्याआधी उरकली. तो कुर्ल्याला गाडीत अडकला, मग छातीभर पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी घरी आला. त्याला पुढची तारीख मिळाली, नाही असं नाही, पण त्या तारखेला तो पाण्यातल्या तापाने हॉस्पिटलात होता. तिसऱ्यांदा कोणी बोलावलं नाही.

आज डोंबिवलीला त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. माझी पेन्शनची नोकरी आहे. मला कधी कोणी विचारलं, तर मीही सांगतो, "दोन वर्षं रोज पहाटे चारला उठून अभ्यास केला!" हे शंभर टक्के खरं आहे. पण तो पहाटे साडेतीनला उठायचा. मला उठवायला यायचा.

भेटला की तो म्हणतो, "तुझं आडनाव भारी रे!" आणि हसतो. तो खरंच हसतो, त्यात आंबटपणा नसतो, आणि त्यामुळेच मला जरा कठीण जातं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी पहाटे चारचं प्रकरण काढलं असतं. मी त्याचा देणेकरी आहे का? कायद्याने नाही. त्याची जागा मी घेतलेली नाही. आणखी वीस जण निवडले गेले. पाऊस मी पाडला नाही. माझे पूर्वज 'अ'मध्ये मुद्दाम शिरलेले नाहीत. तरी महिन्याच्या एक तारखेला पगार जमा झाला की त्या आकड्यात थोडी रक्कम अशी दिसते की जिच्यापुढे कारण लिहायला हात धजत नाही. 'मेहनत' लिहावं तर व्हाउचर अपुरं. 'नशीब' लिहावं तर पहाटेच्या झोपेचा अपमान. त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी मी दोनदा भरली. त्याने दोन्ही वेळा परत केली, दुसऱ्यांदा पेढ्यांसकट.

बँकेत अशा वेळी एक सोय असते. पैसे आले, पण कोणाचे, कशापोटी, हे कळत नाही. अशी रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतात. मालक सापडेपर्यंत ती तिथे राहते. ती ब्रँचचा नफा नसते, म्हणून मॅनेजर तिच्यावर छाती काढत नाही; आणि ती चोरीही नसते, म्हणून कोणी मान खाली घालत नाही. दर तिमाहीला मात्र वरून पत्र येतं : ह्या नोंदींचं काय केलंत?

भाच्याने शेवटी मध्यम सपाटीचं, केशरी आणि निळं शीड पसंत केलं. माझे पंधरा हजार गेले. परवा त्याचा फोन आला. तो पुढच्या महिन्यात रत्नागिरीला चालला आहे, होडीसाठी नव्हे, नुसताच, आठ दिवस. "धाकट्याला जरा मुंबईला पाठवतो म्हणतो. बाबांकडे मी बघीन." मी म्हटलं, "बरं." जास्त बोलून चालत असलेल्या वाऱ्याला नजर लावू नये.

मग तो म्हणाला, "मामा, चौघांचा हिशेब लिहितोय. तुझे पंधरा हजार काय धरू? कर्ज, भांडवल, की भेट?"

म्हटलं, "सध्या सस्पेन्सला टाक."